शेजाऱ्याला आलं, मला का नाही? अनुदानाच्या याद्यांवर तुमची पत्रं

सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सिंदफणा, सीना, गोदावरी सगळ्याच पात्र सोडून शेतात आल्या, काढायला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहून कुजलं, कुणाची तर मातीच खरवडून गेली. मग मदत जाहीर झाली, आणि तेव्हापासून आमच्याकडं येणाऱ्या पत्रांत एकच गोष्ट फिरून फिरून येते. पैसे कमी पडले याची तक्रार आहेच, पण त्याच्याहून जास्त तक्रार ही की यादीत कोण कोण आहे, किती क्षेत्रावर आहे, हे कुणी दाखवतच नाही. म्हणून यावेळी सगळी जागा यादीलाच दिलीय. पत्रं थोडी कापून घेतलीत, नावं गावं मुद्दाम गाळलीत, कारण तुम्हाला उद्या परत त्याच ऑफिसच्या पायऱ्या चढायच्यात हे मला माहितीय.

ताई, अडीच एकर सोयाबीन अख्खं पाण्याखाली गेलतं. पंचनामा झाला, फोटो काढले, सही घेतली. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला पैसे येऊन पंधरा दिवस झाले, मला छदाम नाही. तलाठी म्हणायलेत यादी वर पाठवली, वरचे म्हणायलेत तलाठ्याला विचारा. मी विचारू कुणाला?
एक शेतकरी, धाराशिव जिल्हा

भाऊ, आधी प्रश्न बदला. "पैसे कधी येतील" असं विचारलं की उत्तर "येतील की" असंच येतं, त्याच्यापुढं तुम्हाला काही बोलता येत नाही. त्याऐवजी असं विचारा, माझं नाव कुठल्या यादीत आहे, कितव्या नंबरवर आहे, कुठल्या गटात किती बाधित क्षेत्र लावलंय आणि माझा व्हीके नंबर काय. हे चार आकडे ज्याच्या हातात आहेत त्याला कुणी टोलवू शकत नाही.

आता पैसा कुठं कुठं अडतो ते बघा. पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात (तिघांची सरकारी नावं आता बदललीत, पण गावात जुनीच चालतात म्हणून तीच लिहिते). पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच नाव पुढं जातं, म्हणजे पंचनाम्यात कुणी ३० लिहिलं तर तुम्ही तिथंच बाहेर, आणि ते तुम्हाला कुणी सांगतही नाही. मग गावाची यादी तयार होते, तहसीलला जाते, तिथं कॉम्प्युटरवर चढते, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक पडतो, त्यालाच आपण व्हीके नंबर म्हणतो. ज्यांचा फार्मर आयडी झालाय त्यांचं यावेळी बरंच सोपं झालं, बाकीच्यांना तो व्हीके नंबर घेऊन सेतूवर जाऊन अंगठा द्यावा लागतो, आणि तो दिला नाही तर यादीत नाव असून पैसा सुटत नाही. आणि शेवटी पैसा जातो तो आधारला जोडलेल्या खात्यात, तुम्ही पासबुकची झेरॉक्स दिली त्या खात्यात जाईलच असं नाही. सिमकार्ड घेताना दुकानदारानं मोबाईलवर एखादं खातं उघडून दिलेलं असतं आणि आधार तिकडं जोडलेलं असतं, पैसा बिचारा तिकडं पडून असतो, अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. बँकेत जाऊन "माझं आधार डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात यायला) कुठल्या बँकेला जोडलंय" एवढं विचारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

हिशोबही घालून ठेवा. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५०० असा दर आहे आणि यावेळी मर्यादा ३ हेक्टरपर्यंत नेली, त्याशिवाय रब्बीच्या बियाण्यासाठी वगैरे म्हणून हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले. तुमचं अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर, तर पहिल्या हप्त्याचे ८,५०० च्या आसपास यायला पाहिजेत. कमी आले तर रकमेवरून भांडू नका, क्षेत्र बघा, घोळ तिथंच असतो.

हे मी अनुभवानं सांगते. २०२२ साली आमच्या वडलांचा एक हेक्टर वीस आर कापूस गेला, तेव्हा जिरायतीचा दर १३,६०० होता, म्हणजे १६,३२० यायला पाहिजेत, आले २,७२०. वडील म्हणाले सरकारनं दिलं ते घ्यायचं, कशाला मागं लागतीस. पण आमच्या गावात कुणीतरी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी चिकटवली होती, अर्धी पावसानं गेलेली, ती मी बोट ठेवून वाचत गेले तर वडलांच्या नावापुढं १.२० च्या जागी ०.२० टाईप झालेलं. एक आकडा. अर्ज दिला, पंचनाम्याची प्रत जोडली, चार महिन्यांनी फरक आला. ती भिंतीवरची यादी नसती तर आम्ही आजपण म्हणत बसलो असतो की सरकारनं कमी दिलं. त्याच यादीत आणखी दोघांचं क्षेत्र चुकलेलं निघालं, त्यांना तर माहीतच नव्हतं.

आणि हे लक्षात ठेवा, यादी दाखवणं हा तलाठ्याचा उपकार नाही. मदतीचे पैसे सोडताना महसूल विभाग जो जीआर, म्हणजे शासन निर्णय, काढतो त्यात शेवटी शेवटी एक कलम असतंच असतं, की वाटप झाल्यावर लाभार्थ्यांची यादी आणि मदतीचा तपशील जिल्ह्याच्या वेबसाईटवर टाकायचा. तेव्हा तुमच्या जिल्ह्याची वेबसाईट उघडा, नसेल टाकली तर त्या जीआरची प्रिंट काढा, त्या कलमाखाली पेनानं रेघ मारा आणि तीच प्रिंट अर्जाला जोडून तहसीलदारांना द्या, आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पीएम किसानचे माझे आणि मालकाचे दोघांचेही हप्ते येत होते, आता दोघांचेही बंद झाले. जमीन दोघांच्या नावावर वेगवेगळी आहे. हे कामून?
एक वाचक, नांदेड जिल्हा

मावशी, या योजनेत सातबारा कितीही असू द्या, लाभ कुटुंबाला आहे आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली लेकरं. वर्षाला ६,००० घराला, डोक्याला नाही. सरकारनं पडताळणी लावली आणि जिथं दोघं निघाले तिथं हप्ते थांबवले. दोघांपैकी एकानं लाभ सोडायचा आणि एकाचा सुरू करायचा, त्यासाठी तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन विचारा. राज्याचा नमो शेतकरीचा हप्ताही याच यादीवर चालतो म्हणून तोही सोबतच थांबलाय. आणि पीएम किसानच्या वेबसाईटवर गावाची लाभार्थी यादी कुणालाही दिसते, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, पासवर्ड लागत नाही. नातवाला सांगा, दोन मिनिटात काढून देईल.

ताई मी कॉलेज करून शेती बघतो. आमच्या गावच्या अनुदानाची यादी माहिती अधिकारात मागितली, उत्तर आलं की ही त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. आता कायदाच बदललाय म्हणतात. मग विषय संपला का?
एक वाचक, लातूर जिल्हा

नाही रे बाबा, संपला नाही. अवघड झालाय, हे खरंय.

माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्यात कलम ८(१)(ञ) आहे, ऑफिसात त्याला आठ एक जे म्हणतात, वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम. आधी त्यातच लिहिलेलं होतं की त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा मोठं जनहित असेल तर द्यावी लागेल, शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती साध्या माणसालाही नाकारता येणार नाही असं एक सुंदर वाक्य होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ला आला, त्यानं हे सगळं काढून तिथं नुसते "वैयक्तिक माहिती" एवढेच शब्द ठेवले, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. मला हा बदल मान्य नाही. ज्या वाक्यानं गावातला माणूस आमदाराच्या बरोबरीला उभा राहत होता तेच वाक्य पुसलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

पण दोन गोष्टी जागेवर आहेत. एक, कलम ८(२), लपवण्यापेक्षा उघड करण्यात जनहित जास्त असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतो. दुसरी आणि आपल्या कामाची, कलम ४(१)(ख)(बारा). त्यात स्पष्ट आहे की अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, याचा तपशील ऑफिसनं कुणी मागायची वाट न बघता स्वतःहून जाहीर करायचा. म्हणजे तू जी यादी मागितलीस ती मुळात मागावीच लागायला नको होती! तुझ्या अर्जात तू कुठलं कलम टाकलंस ते पत्रात लिहिलं नाहीस, बहुतेक नसेल टाकलं, आणि बँक खात्याचे नंबर पण मागितलेस का? ते मागायचेच नाहीत. ते मागितले की अख्खा अर्ज उडवायला त्यांना सोपं जातं.

आता पहिलं अपील कर, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, २० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. अपिलात लांबलचक कहाणी लिहू नकोस. एवढंच लिही की अमुक गावातल्या अमुक तारखेच्या जीआरनुसार वाटलेल्या मदतीच्या लाभार्थ्यांचं नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र आणि रक्कम एवढीच माहिती पाहिजे, आधार नंबर, मोबाईल नंबर, खाते नंबर नकोत, ही माहिती कलम ४(१)(ख)(बारा) खाली जाहीर करणं बंधनकारक आहे आणि जीआरमध्येही वेबसाईटवर टाकायला सांगितलंय, मग जी गोष्ट वेबसाईटवर टाकायची ती वैयक्तिक म्हणून नाकारता कशी येईल. तिथंही नाही झालं तर ९० दिवसांत दुसरं अपील, आपल्याकडं माहिती आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथं वेळ लागतो, फार लागतो, पण दाखल करून ठेव.

नवीन अर्ज करणाऱ्यांनी एवढं बघा की महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द असा नियम आहे, फी १० रुपये, कारण सांगायची गरज नाही. आणि एक मार्ग लोक विसरतात, जिल्हा पातळीवरच्या ऑफिसात आणि पंचायत, नगरपालिकेसारख्या संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फाईल बघायला मिळते, २०१८ चा जीआर आहे. झेरॉक्स मागण्याआधी फाईल डोळ्यानं बघून आलं की नेमकं काय मागायचं ते कळतं, दोन महिने वाचतात.

माहिती मागून काय होतं असं विचारणारे मित्र तुलाही असतील. त्यांना सांग, पीएम किसानचे पैसे २०.४८ लाख अपात्र लोकांना गेले आणि ती रक्कम १,३६४ कोटी होती, हे देशाला कळलं ते अशाच एका माहिती अधिकाराच्या अर्जावर केंद्राच्या कृषी मंत्रालयानं दिलेल्या उत्तरातून. त्यातले निम्म्याहून जास्त इन्कम टॅक्स भरणारे होते.

ताई, माझं म्हणणं उलटं आहे, राग मानू नका. मालक वारल्यावर जमीन माझ्या नावावर झाली. यादी पाराजवळ लावली, रक्कम सगळ्या गावानं वाचली. दुसऱ्याच दिवशी दीर आले उसने मागायला, दुकानदार आला उधारी मागायला, सोयरे फोन करायलेत. बाईच्या हातात चार पैसे आले की सगळ्यांना दिसतात. सरकारनं माझी रक्कम गावाला कशाला सांगायची?
एक वाचक, बीड जिल्हा

ताई, राग कशाचा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि उत्तर लिहायला आठ दिवस घेतले. याद्या उघड्या पाहिजेत असं म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी तुमच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढं जाऊच नये.

हा प्रश्न एकट्या आपल्या गावाचा नाही. युरोपात शेतकऱ्याला अनुदान आपल्यापेक्षा कितीतरी मोठं असतं, आणि तिथंही वर्षानुवर्षं ते कुणाला जातं हे गुप्तच होतं. मग २००४, २००५ च्या सुमाराला पत्रकार आणि कार्यकर्ते मागं लागले, एकेका देशानं याद्या उघडल्या, तेव्हा लोकांना कळलं की छोट्या शेतकऱ्याच्या नावानं जो पैसा निघतो त्यातला मोठा वाटा बड्या जमीनदारांना आणि साखरेच्या कंपन्यांना जातोय, ब्रिटनच्या राणीच्या शेतीचंही नाव त्यात निघालं. पुढं युरोपीय संघानं सगळ्यांची नावं, गाव आणि रक्कम वेबसाईटवर टाकायचा नियमच केला. त्याविरुद्ध जर्मनीतल्या हेसे राज्यातले शेतकरी कोर्टात गेले, तुमचंच म्हणणं घेऊन, की माझी कमाई जगाला कशाला सांगता. ९ नोव्हेंबर २०१० ला युरोपच्या सर्वोच्च कोर्टानं त्यांची बाजू बऱ्याच अंशी मान्य केली. कोर्टाचं म्हणणं असं, की जनतेला हिशोब कळला पाहिजे हे बरोबर, पण लहान मोठा काही फरक न करता साध्या माणसाचं नाव सरसकट छापणं हे जास्त होतं. कंपन्यांना मात्र ही सवलत दिली नाही. त्यानंतर नियम बदलला, नावं परत छापायला लागले पण वर्षाला १,२५० युरोपेक्षा जास्त रक्कम नाही अशांचं नाव झाकायचं, त्या जागी नुसता कोड.

मग आपल्याकडंही तसंच करावं का? मी यावर खूप विचार केला आणि माझं मत नाही असं आहे. युरोपातली रेघ आपल्याकडं ओढली तर मराठवाड्यातलं झाडून सगळं गाव त्या रेघेच्या खाली जाईल आणि अख्खी यादीच कोरी होईल. आणि आपल्याकडं चोरी कशी होते ते बघा, एकाच माणसाला कोटभर देऊन नाही होत, शंभर खोट्या नावांवर आठ आठ, दहा दहा हजार टाकून होते. ती खोटी नावं ओळखू शकतो तो फक्त गावातला माणूस. पुण्या-मुंबईतल्या ऑडिटरला काय कळणार की या नावाचा माणूस आपल्या गावात राहतच नाही, किंवा हा गट तर गायरान आहे.

पण तुमचा त्रास खरा आहे आणि त्यावर उपाय करता येतो. यादीत नाव, गट, क्षेत्र, एवढं पुरे. दर ठरलेला असतो, ज्याला तपासायचंय तो गुणाकार करील, पण रक्कम मोठ्या अक्षरात पारावर टांगायची गरज नाही, ती ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला राहू द्या, मागेल त्याला दाखवा. आणि आधार नंबर तर चुकूनही नाही, आधार कायद्यानंच तो जाहीर लावायला बंदी आहे. मी स्वतः एका गावात अशी यादी बघितलीय जिच्यात पूर्ण आधार नंबर, खाते नंबर, मोबाईल, सगळं चिकटवलेलं, आणि लोक मोबाईलमध्ये फोटो काढून ग्रुपवर टाकत होते. हे पारदर्शक कारभारात बसत नाही, हा माणसाला उघडं पाडायचा प्रकार आहे. तसं कुठं दिसलं तर तो कागद तिथंच थांबून काढायला लावा, दुसरा छापून आणू द्या.

दिरांचं काय करायचं ते मी सांगू शकत नाही, ते तुम्हीच जास्त जाणता. फक्त खातं तुमच्या एकटीच्या नावावर ठेवा आणि एटीएम कार्ड घरात कुणाच्या हातात देऊ नका. आणि जमीन तुमच्या नावावर फेरफार होऊन आली हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण कितीतरी बायांचं वारस नोंदीचं कामच वर्षानुवर्षं अडवून ठेवतात, त्यांचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. तुमचं नाव त्या भिंतीवर होतं ते वाचून तुमच्या गावातल्या दुसऱ्या एखादीला वाटलं असेल, हिचं झालं तर माझंही होईल. तुमचा त्रास त्यानं कमी होत नाही हे मला कळतंय, तरी लिहावंसं वाटलं.

आमच्या गावच्या यादीत सात-आठ नावं अशी आहेत जी गावात कुणाला माहीत नाहीत. सगळे म्हणतात गप बस, तक्रार केली तर पुढच्या बारीला तुझाच पंचनामा राहील. काय करावं?
एक वाचक, जालना जिल्हा

तुमच्याच जिल्ह्यातलं २०२५ मधलं प्रकरण आठवा. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी, गारपिटीच्या अनुदानात ज्यांना जमीनच नाही त्यांच्या नावानं पैसे उचलले, कुठं एकाला दोनदा दिले, चौकशी झाली, रक्कम कोटींच्या घरात निघाली आणि तलाठ्यांसकट बरेच जण निलंबित झाले. म्हणजे तक्रारीनं काही होत नाही असं म्हणायला जागा नाही. आणि सगळेच तलाठी तसे असतात असंही नाही हां, याच पुरात गुडघाभर चिखलातून रात्री दहापर्यंत पंचनामे करणारी पोरं मी बघितलीत, खोट्या यादीनं बदनाम तीही होतात.

भीती मात्र खरी आहे, म्हणून एकट्यानं जाऊ नका. पाच-सात जणांच्या सह्यांचा एकच अर्ज करा. कुणावर चोरीचा आरोप लिहू नका, "या नावांच्या व्यक्ती आणि गट नंबर गावाच्या आठ-अ शी जुळत नाहीत, पडताळणी व्हावी" एवढंच लिहा (आठ-अ म्हणजे कुणाच्या नावावर किती जमीन आहे त्याचा उतारा). सातबारा ऑनलाईन कुणालाही बघता येतो, आधी स्वतः तो गट उघडून बघा, त्यावर कुणाचं नाव आहे ते, आणि प्रिंट जोडा. काही वेळा असंही निघतं की नाव अनोळखी वाटतं पण ती गावातली दिलेली लेक असते, माहेरच्या जमिनीत हिस्सा असलेली, तिचं सासरचं नाव कुणाला ओळखू येत नाही. तिला चोर ठरवून बसाल आणि जन्मभराचं तोंड फिरवून घ्याल. म्हणून आधी सातबारा, मग बोलणं. अर्ज तहसीलदारांना आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना.

दुसरं, ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. विषयपत्रिकेत "अनुदान यादीचं वाचन" हा विषय टाकायला ग्रामसेवकाला आधी लेखी द्या. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेनं हेच केलं, गावाच्या मधोमध बसून हजेरीपटावरची नावं आणि बिलं मोठ्यानं वाचली, आणि लोक उठून उठून सांगायला लागले की हा तर मेलाय, हा तर कामाला गेलाच नव्हता. माहिती अधिकाराचा कायदा देशाला मिळाला त्याच्यामागं त्या सभा आहेत. आपल्या गावातही म्हातारी माणसं यादी वाचू शकत नाहीत पण ऐकलं की त्यांना गट नंबरासकट सगळं पाठ असतं, वाचून दाखवायचा उपयोग तिथंच होतो.

गप बसल्याचं काय होतं तेही सांगते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, गरिबाला मोठा आधार होता. मग सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, जिथं पीकच नाही तिथं विमे उतरवलेले निघाले, आणि २०२५ च्या खरिपापासून एक रुपया बंद झाला, आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्के भरावे लागतात. खोटे विमे उतरवणारे थोडेच होते, पण जास्तीचे पैसे आता तुम्ही भरताय.

अनुदान खात्यात आलं पण बँकेनं होल्ड लावलाय. म्हणतात आधी पीककर्ज भरा.
एक शेतकरी, हिंगोली जिल्हा

काका, हे चुकीचं आहे. मदतीच्या जीआरमध्येच लिहिलेलं असतं की या रकमेतून बँकेनं कसलीही वसुली करायची नाही. शाखेत तोंडी भांडू नका, मॅनेजरच्या नावानं लेखी अर्ज द्या, जीआरची प्रत जोडा, पोच घ्या, एक प्रत तहसीलदारांना आणि एक जिल्हाधिकारी कार्यालयाला. बहुतेक वेळा पोच मागितली की होल्ड निघतो. नाहीच निघाला आणि ३० दिवस झाले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार होते, पैसे लागत नाहीत.

आमच्या नावावर जमीन नाही. मालक पुण्याला असतात, त्यांची चार एकर आम्ही बटईनं करतो. बी आमचं, खत आमचं, पुरात गेलं तेही आमचं. यादी लावली त्यात नाव मालकाचं, पैसे त्यांच्या खात्यात. मी यादीला बोट लावून उभा राहिलो आणि परत आलो. आमच्यासाठी काही आहे का?
एक वाचक, परभणी जिल्हा

दादा, खोटी आशा देत नाही. अतिवृष्टीची मदत सातबाऱ्यावरच्या नावाला जाते, पीएम किसानही ज्याच्या नावावर जमीन त्यालाच, शेत कुणी कसलं याला तिथं जागा नाही. मी वर एवढं सगळं यादीबद्दल लिहिलं, पण ती यादी अगदी बिनचूक असली तरी तुमचं नाव तिच्यात नसतं. या पानावरचं सगळ्यात कठीण पत्र तुमचं आहे, आणि मराठवाड्यात आता बटईनं, ठोक्यानं कसणारे इतके झालेत की गावोगाव नुकसान एकाचं आणि मदत दुसऱ्याला असं चाललंय.

जे करता येतं ते एवढं. पीकविमा बटईदाराला, कुळाला घेता येतो, पण त्यासाठी मालकासोबतचा करार नोंदणी केलेला लागतो, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊन केलेला, साध्या स्टॅम्पवरचा नाही. मालक घाबरतात की करार केला तर जमीन कुळाची होईल, म्हणून सही देत नाहीत. त्यांना समजावून सांगा की ठरावीक मुदतीचा, मोबदल्याचा आकडा टाकलेला करार आहे, वकिलाकडून वाचून घ्या म्हणावं, खर्च अर्धा अर्धा. विमा तुमच्या नावानं उतरला तर भरपाई तुमच्या खात्यात येईल. ई-पीक पाहणी करताना मालकाला सांगून पीक खरंखुरं लावा, नाहीतर पुढच्या वेळी ती मदत मालकालाही येणार नाही आणि तुम्हाला मागायलाही काही उरणार नाही.

आणि यावेळच्या पैशाचं म्हणाल तर बी-खताचा हिशोब कागदावर मांडा, दुकानाच्या पावत्या असतील त्या सोबत घ्या, ती भिंतीवरची यादी आहे तिचा फोटो काढा आणि मालकाला फोन करून सांगा की तुमच्या नावावर इतक्या क्षेत्राचे पैसे आलेत, त्यातला आमचा वाटा द्या. पुण्याला बसलेल्या कितीक मालकांना खात्यात काय जमा झालं ते कशाचं हे माहीतच नसतं. देतील की नाही ते त्यांच्यावर आहे, पण किती आले हे आता तुम्हाला माहितीय, तेवढ्या आकड्यावर तरी बोलता येईल. काय झालं ते मला कळवा.